पुलावरून पडलेले हरिभाऊ

“हा कोण?” कुसुमनं विचारलं.

भर दुपारी तंबूत अंधार केला होता. कनाती खाली सोडलेल्या, जिथून ऊन शिरत होतं तिथं गोणपाटं टाकलेली. पडद्यावर एक जाडजूड, मिशाळ साहेब आरामखुर्चीत पाय पसरून चहा पीत होता.

“हरिभाऊ,” यंत्रामागून बन्सी म्हणाला. तंबूतलं सिनेमाचं यंत्र तोच चालवायचा.

“हे हरिभाऊ? हरिभाऊ सडसडीत होते. हसले की गालाला खळी पडायची.”

“नट बदललाय वाटतं. मी तरी काय करू, ताई? मलाबी आत्ताच दिसतोय.”

“आणि पूल?”

“कंचा पूल?”

“अरे, मागच्या सिनेमात पुलावरून नदीत पडले होते ना? दोन वर्षं सगळं चाकण तेच बोलतंय. ते वाचले कसे?”

“आसंल की फुडं.”

पुढं काही नव्हतं. एक रीळ झालं, दोन झाली. साहेबानं चहा संपवला, कुत्र्याला फिरवून आणलं, एका मेजवानीत जाऊन बराच वेळ नाचला. पुलाचं कुणी नावही काढलं नाही. जणू कुणी पडलंच नव्हतं.

कुसुमच्या मांडीवर वही उघडी होती. पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं, ‘कसे वाचले?’ त्याखाली पान कोरं होतं.

हिंदुरावांचा तंबू दिवाळीत चाकणच्या बाजारतळाशेजारी उभा राहायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरायचा. मराठी-हिंदी सिनेमे लागायचेच, पण गर्दी उसळायची ती वर्षातून एकदा येणाऱ्या इंग्रजी सिनेमाला; मागच्या वर्षी तेवढा तो आला नव्हता. लंडनमधला एक खासगी गुप्तहेर, त्याची हाताखालची टंकलेखिका, आणि कायम पांढरे हातमोजे घालणारा एक खुनी, ज्याचा चेहरा पाच सिनेमांत कुणाला दिसला नव्हता. चाकणात इंग्रजी कुणाला कळणार? ते कळवण्याचं काम कुसुमच्या वडिलांचं, सोपानरावांचं. कुसुम त्यांना आप्पा म्हणायची.

सोपानराव बाजारात मापाडी होते. दिवसभर धान्य मापायचं आणि प्रत्येक माप खणखणीत आवाजात मोजायचं, हा त्यांचा धंदा. त्या आवाजापायीच हिंदुरावांनी त्यांना पडद्याच्या डाव्या हाताला स्टुलावर उभं केलं आणि हातात पत्र्याचा कर्णा दिला. आदल्या दुपारी एकदा सिनेमा बघायचा, दुसऱ्या दिवशी लोकांना सांगायचा. डावा हात वर केला की बन्सीनं यंत्राचा आवाज बारीक करायचा, मग आप्पा बोलणार. इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हतं. तोंडांच्या हालचाली, दारांची उघडझाप, कोण कुणाकडे कसं बघतं, एवढ्यावर ते गोष्ट उभी करायचे. गुप्तहेर हॅरिस लेनचे हरिभाऊ झाले, टंकलेखिका लिलियनची लीलाताई झाली. मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. आप्पाही पहिलं रीळ सुरू होताना कर्ण्यातून ‘लाभ!’ अशी आरोळी द्यायचे, आणि सगळा तंबू ती परत द्यायचा.

पहिल्याच सिनेमात हरिभाऊ आणि लीलाताई एकाच घरात, एकाच जिन्यावरून सकाळी खाली उतरले. बायकांच्या बाजूनं कुशाबाईनं मोठ्यानं विचारलं, “सोपानराव, ती बाई त्याची कोन?”

आप्पा क्षणभरही थांबले नाहीत. “धाकटी बहीण! आईबाप लहानपणीच गेले. भावानं वाढवली.”

बायकांचा जीव भांड्यात पडला. आणि तिथून पुढं पाच सिनेमे ते भाऊबहीण राहिले.

कुशाबाई मेदनकरवाडीच्या बाजूची, कांद्याच्या वाफ्यात जन्म गेलेली बाई. तिला भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. दुसऱ्या वर्षी ती ताट घेऊन तंबूपाशी आली आणि बाहेर लावलेल्या चित्रातल्या हरिभाऊंना ओवाळून गेली. लोक हसले. “कुशाबाई, भावानं ओवाळणी काय घातली?” तिच्या शेजारच्या रतनबाईनं विचारलं. “तुझ्या भावानं घातली तेवडीच,” कुशाबाई म्हणाली. रतनबाईचा भाऊ तीन वर्षांत फिरकला नव्हता. त्यानंतर कुणी हसलं नाही.

कुसुमला हे सगळं आवडत नव्हतं. ती चिंचवडला मुलींच्या शाळेत शिकवायची, खोली घेऊन राहायची, हाताला लागेल ते पुस्तक वाचायची. पाचवा सिनेमा लागला तेव्हा ती आली होती, आणि घरी जाताना म्हणाली होती, “आप्पा, ती त्याची बहीण नाही. तुम्ही लोकांना खोटं सांगता.”

“मापाडी लाभ म्हनतो. ते खोटं का?”

“ती रीत आहे.”

“मग हीबी रीतच. जिथं अभद्र आसंल तिथं बरं म्हनायचं.”

“लोक शहाणे होतील अशानं?”

आप्पांनी वाटेतला दगड पायानं बाजूला सारला. मग म्हणाले, “तू शिकलीस ना, तू कर शानं.”

त्यावर ती फणकारली होती. तो विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा भाद्रपदात तिला एक पोस्टकार्ड आलं. आप्पा बोलले होते, अक्षर बन्सीचं होतं. ‘प्रकृती ठीक आहे. शाळा बुडवून येऊ नये. सहावा सिनेमा दिवाळीनंतर येतोय, तो शेवटचा. तेव्हा सवडीनं ये.’ ते कार्ड हातात पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती चाकणला पोचली, ती आप्पा गेल्याच्या निरोपावर. आप्पा पंधरा दिवस तापानं पडून होते. कार्ड सांगताना त्यांना उठून बसवतही नव्हतं, हे तिला दहाव्याला कळलं.

तेव्हापासून तिच्या पोटात एक राग होता. तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. हिंदुरावांचा निरोप आला, ‘लोक दुसऱ्याचं ऐकायचे नाहीत, तुला इंग्रजी येतं, तू उभी राहा,’ तेव्हा ती हो म्हणाली. आप्पांचं एवढंच काम राहिलं होतं. हरिभाऊ मेले नाहीत, शेवटच्या सिनेमात येतील, असं त्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं.

आणि आता हा सिनेमा.

सातव्या रिळात पांढऱ्या हातमोजेवाल्याचा चेहरा दिसला. तो निघाला माळी. पाच सिनेमांत ना कधी बाग दिसली होती ना माळी. आठव्यात चर्चची घंटा वाजली. मिशाळ हॅरिसनं लिलियनच्या बोटात अंगठी घातली आणि तिला जवळ ओढून तिचं चुंबन घेतलं. मग ‘समाप्त’.

बन्सीनं दिवा लावला. तो कुसुमकडे बघत नव्हता.

“बहिनीशीच लगीन लावलं की वो,” तो पुटपुटला.

कुसुमनं वही मिटली. ज्यांनी हा सिनेमा केला त्यांचा तिला संताप आला. ज्या माणसांनी सहा वर्षं जीव लावला, ती चाकणात असोत की लंडनात, त्यांना एक ओळ सांगावी, पुलावरून पडलेला माणूस कसा वाचला, एवढंही या लोकांना वाटलं नव्हतं. दुसरा माणूस आणून खुर्चीत बसवला, झालं. बघणाऱ्यांना काय कळतंय!

कनात वर करून हिंदुराव आत आले. “काय कुसुमताई, कसाय शिनुमा?”

“फसवणूक आहे. दाखवू नका.”

“आगं, बोर्ड लावलाय. पंचक्रोशीत दवंडी झालीया. पार पिंपरीच्या कारखान्यातनं लोक यायलेत, आन तू म्हनतीस दाखवू नका?”

“शेवटी ते दोघं लग्न करतात, हिंदुराव.”

“मग चांगलंय की! लगीन म्हनल्यावर लोक खूश.”

“आप्पांनी त्यांना भाऊबहीण केलंय.”

हिंदुरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “हां. त्यो घोळ हायच. मग तू आसं कर, सुरवातीलाच सांगून टाक. आप्पाची चूक झाली हुती म्हनावं. त्यास्नी विंग्रजी येत न्हवतं, काईबाई सांगायचे. मेलेलं मानूस काय रागवायला येतंय व्हय?”

कुसुम उठून उभी राहिली. “काईबाई सांगायचे? ते सांगत होते म्हणून तुमचा तंबू भरत होता.”

“बाई, मी काय वाईट बोललो? तूच न्हवती का म्हनत खोटं सांगत्यात म्हनून? सोपानराव मला हसून सांगायचा, पोरगी लई रागावली म्हनून.”

हसून सांगायचा. तिनं वहीचं एक पान फाडलं आणि लिहिलं, ‘हे दोघे भाऊबहीण नव्हते. माझ्या वडिलांनी तसं सांगितलं ते तुमचा मान राखण्यासाठी. चूक त्यांची नव्हे.’ तीन ओळी. खरं बोलायचं, पण त्यांची मान खाली जाऊ द्यायची नाही. शेवटच्या रिळाआधी वाचायचं असं ठरवून तिनं कागद कमरेला खोचला.

बाहेर आली तर कुशाबाई उभी होती. हातात ताट, त्यावर पदर. तंबूच्या कापडावरचं नवं चित्र ती मान तिरकी करून न्याहाळत होती.

“कुशामावशी, आत्ताच आलीस? दिवेलागणीला आहे खेळ.”

“जागा धराया आले. भाऊबीज चुकली बग यंदा. म्हनलं, पुरातनं जित्ता बाहेर निगू दे, मग सावकाश ओवाळीन.” तिनं चित्राकडे बोट केलं. “ह्यो वळखू येईना.”

कुसुमनं कमरेचा कागद आणखी आत खोचला.

“सुजलाय,” कुशाबाई स्वतःशीच म्हणाली. “पान्यात पडल्यालं मानूस हाय. सुजनारच.”

दिवेलागणीला तंबू भरला. मधल्या कनातीच्या एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. आप्पांचं स्टूल तिथंच होतं. कुसुम त्यावर चढली तेव्हा पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, “आता बाई बोलनार व्हय?”

“मास्तरीण हाय ती,” मालोजी पैलवानाचा आवाज आला. “गप ऱ्हा, न्हाईतर बाकावर उबी करंल.”

हशा झाला. कुसुमनं कर्णा तोंडाला लावला. आत पत्र्याला तंबाखूचा आणि सुपारीचा वास होता. मग तिनं डावा हात वर केला, बन्सीनं आवाज बारीक केला, आणि ती म्हणाली, “लाभ!”

“लाभ!” तंबूनं परत दिली.

पहिल्या रिळाला लोकांनी सांभाळून घेतलं. दुसऱ्याला कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला मालोजी उठला.

“कुसुमताई, पुलाचं काय झालं? त्ये सांगा की आदी!”

“सांगितलेलं नाही त्यांनी.”

“म्हंजे? मानूस पुलावरनं पडतो आन कुत्रं हिंडवतो?”

“च्या पितोय बग कसा! आमच्या सोपानरावानं आसं लटकत न्हवतं ठेवलं कवा.”

“कुशाबाई,” रतनबाई म्हणाली, “भाऊ सासरवाडीला जाऊन आला वाटतं तुजा. बराच सुटलाय.”

“सुजलाय त्यो,” कुशाबाई म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात जोर नव्हता.

सातव्या रिळात माळ्याचा चेहरा दिसला आणि तंबू पेटला. “माळी? ह्यो कवा आला मदीच?” “सहा वरसं थांबलो ते ह्या माळ्यासाठनं व्हय?” “माजा बैल ह्या सायबापरीस बरा चोर वळखतो!” कुणीतरी पायतण फेकलं. ते पडद्यावरच्या माळ्याच्या छातीला लागून खाली पडलं. हिंदुराव दारातून हातवारे करत होते. कुसुमला ते पायतण आपणच फेकल्यासारखं वाटलं आणि बरं वाटलं.

रीळ संपलं. बन्सीनं दिवा लावला, शेवटच्या रिळाची पेटी उघडली. कुसुमनं कमरेचा कागद काढला. उलगडला. समोरच, पहिल्या ओळीत, कुशाबाई ताट मांडीवर घेऊन बसली होती. पदर काढला होता. निरांजनात वात घातलेली, अक्षता, कुंकू, एक सुपारी. काडेपेटी हातात. सिनेमा संपताच ओवाळायची तिची तयारी होती.

“कुसुम,” ती हळूच म्हणाली, पण त्या वेळी सगळे ऐकत होते. “पोरी, मला खरं सांग. ह्यो कोन?”

दुपारी कुसुमनंही हेच विचारलं होतं.

तिनं कागदाकडे पाहिलं. तिन्ही ओळी खऱ्या होत्या. तिनं कागदाची घडी केली. कर्णा तोंडाला लावला.

“ऐका,” ती म्हणाली. “हा हरिभाऊ नाही.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“हरिभाऊ पुलावरून पडले, तेव्हाच गेले. हा तोतया आहे. त्यांच्या घरात शिरलाय. त्यांचा कोट घातलाय, त्यांच्या खुर्चीत बसलाय, त्यांच्या कपातून चहा पितोय. पुलावर काय झालं ते याला माहीतच नाही. म्हणून यानं एकदाही पुलाचं नाव काढलं नाही.”

“आरं तिच्या!” मालोजी म्हणाला.

“तरीच!” “मिशा बग की, हरिभाऊला मिशा कुटं हुत्या?” “कुत्रंबी भुंकत हुतं त्याच्यावर, मी बगितलं!” सगळा सिनेमा लोकांनी एका दमात पुन्हा जुळवला, आणि तो आता पक्का बसत होता. हिंदुराव दारात आ वासून उभे होते. बन्सी जागचा हलला नव्हता.

“लाव,” कुसुम त्याला म्हणाली.

शेवटचं रीळ सुरू झालं. घंटा वाजली. फुलांच्या कमानीतून लीलाताई हसत आली, पांढऱ्या पोशाखात, हातात गुच्छ घेऊन. आणि बायकांची सगळी बाजू उठून उभी राहिली.

“आगं बये, न्हाई म्हन! त्यो न्हवं!”

“लीलाताई, माघारी फिर!”

“आगं, भाऊ गेला तुजा! ह्यो चोर हाय!”

रतनबाई पडद्यापर्यंत धावत गेली आणि दोन्ही हातांनी थांब थांब अशी खूण करू लागली. तिची सावली पडद्यावर पडली. लीलाताई त्या सावलीतून हसत चालत पुढं गेली. तोतयानं अंगठी काढली. तो वाकला.

कुसुमनं डावा हात वर केला. ही खूण आवाज बारीक करण्याची. पण बन्सीनं आवाजाला हात लावला नाही. त्यानं आपला पंजा यंत्राच्या भिंगापुढं धरला. पडदा काळा झाला. अंधारात नुसती घंटा वाजत राहिली, मग तीही थांबली.

लोक शिव्या देत बाहेर पडले. शिव्या तोतयाला होत्या, सिनेमा काढणाऱ्यांना होत्या, लंडनच्या पोलिसांना होत्या. सोपानरावांना एकही नव्हती. “बाप आसता तर आनिक रंगवला आसता,” मालोजी जाता जाता म्हणाला, “पर पोरीनं वळखलं बरुबर.”

कुशाबाई बसूनच होती. बन्सी कंदील घेऊन आला. कुसुम स्टुलावरून उतरली आणि तिच्याजवळ खाली बसली.

“गेला म्हन की,” कुशाबाई म्हणाली.

“हो.”

“दोन वरसं झाली त्याला. आन तिला कुनी सांगितलंच न्हाई?”

“नाही.”

“का?”

कुसुमनं स्टुलाकडे पाहिलं. “तिला वाईट वाटेल म्हणून.”

“ह्ये काय बोलनं झालं?” कुशाबाई एकदम कडाडली. तिचा आवाज रिकाम्या तंबूत घुमला. “कळवाया पायजे हुतं! रडली आसती, पडली आसती, धावत आली आसती. बहीन हाय ती. बरं हाय, बरं हाय म्हनायचं, आन तिनं तिकडं फुलं हातात घिऊन हसायचं? ज्यानं कुनी दडवलं त्यानं लई वंगाळ केलं.”

कंदील हलला. बन्सीनं तो दुसऱ्या हातात घेतला आणि तोंड फिरवलं. कुसुमनं त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन महिने जे तिला कुणापुढं म्हणता आलं नव्हतं, ते या बाईनं एका श्वासात म्हणून टाकलं होतं.

“फार वाईट केलं,” ती म्हणाली.

कुशाबाईनं काडी ओढली. निरांजन लावलं. कुसुमला वाटलं, आता ती ओवाळणार. पण गेलेल्याला ओवाळत नाहीत, हे त्या बाईला ठाऊक होतं. तिनं ज्योत थोडी जळू दिली. समोर स्टूल होतं, त्यावर कर्णा पालथा पडला होता. उजेड तिथवर पोचत होता. मग तिनं फुंकर न घालता बोटानं वात मागं तेलात ओढून घेतली. ज्योत गेली; पण दिवा ‘विझवला’ म्हणायची रीत नाही.

“वाढवला,” ती म्हणाली, आणि ताटावर पदर टाकून उठली.